झाडाला कोंडवाडा नाही

आमच्या गावात पूर्वी कोंडवाडा होता. चार दगडी भिंती, वर छप्पर नाही, एक लाकडी फाटक आणि बाहेर पाण्याची डोणी. कुणाचा बैल, कुणाची म्हैस दुसऱ्याच्या पिकात शिरली की ज्याचं नुकसान झालं तो ते जनावर हाकत आणून कोंडवाड्यात घालायचा. मालकाला दंड भरून सोडवून न्यावं लागायचं. इंग्रजांनी १८७१ साली याचा कायदाच केला होता. त्यातला विचार सरळ होता. जनावराला बांध कळत नाही, मालकाला कळतो. म्हणून दंड जनावराला नाही, मालकाला.

आता त्या जागेवर पोरांची व्यायामशाळा आहे. गुरंच राहिली नाहीत तर कोंडणार काय! पण गेली काही वर्षं माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे. झाडानं बांध ओलांडला तर दंड कुणी भरायचा?

तुम्ही म्हणाल, झाड काय चालत जातं का? तर जातं. सुबाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात बघा. चपट्या, तांबूस, झुबक्याझुबक्यानं लटकलेल्या असतात आणि वाऱ्यानं खुळखुळ वाजतात. एकेका शेंगेत पंधरा-वीस बिया. शेंग तडकली की बी खाली पडतं, पहिल्या पावसात ओघळीनं वाहतं, ओघळीतून चारीत, चारीतून शेजाऱ्याच्या रानात. त्या वर्षी उगवलं नाही तरी हरकत नाही, कवच टणक असतं, मातीत पडून राहतं. आणि उगवायला लागली की कांद्याच्या रोपासारखी दाट उगवतात. वरून छाटलं तर बुडख्यातून चार फुटवे येतात. आमच्याकडं हरळी आणि लव्हाळा यांना शेतकरी घाबरतो, तीच गत.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. उत्तरेला सातमाळ्याची रांग, सप्तशृंगी आणि मार्कंड्या डोळ्यासमोर, खाली कादवेचं खोरं. गावाचं गायरान डोंगराच्या पायाला आहे आणि त्याच्या वर वनखात्याची हद्द लागते. माझ्या लहानपणी ते गायरान उघडं होतं. उघडं म्हणजे झाडं कमी. एखादा हिवर, बोरी, पळस, ओघळीच्या काठाला करवंदाच्या जाळ्या, बाकी सगळं गवत. सरकारी भाषेत अशा जमिनीला पडीक म्हणतात. मला तो शब्द कधी पटला नाही. त्या पडीक जमिनीवर पवना होता, मारवेल होती, शेडा होता, कुसळी होती. मारवेल गुरं आधी हुडकून खायची. कुसळी वाळली की धोतराला टोचायची आणि आई संध्याकाळी दिव्याजवळ बसून एकेक कुसळ उपटायची. गवतात पाय टाकला की भुर्रकन लाव्हऱ्या उडायच्या. दसरा झाला की गवताची कापणी. ज्याला जमीन नाही त्याचंही त्या गवतावर पोट होतं, भारा बांधून वणीच्या बाजारात नेला की मीठ-मिरची सुटायची. दिवाळीनंतर मेंढरांचे वाडे यायचे. ठेलारी आमच्या शेतात मेंढरं बसवायचे, आम्ही त्यांना धान्य द्यायचो, लेंडीखत आम्हाला मिळायचं आणि दिवसभराचा चारा गायरान द्यायचं. हे सगळं त्या पडीक जमिनीत चालायचं.

मग झाडं का लावली, हे नीट सांगितलं पाहिजे. नाहीतर आजची पोरं समजतात की आधीची पिढी खुळी होती. १९७२ चा दुष्काळ मी शाळेत असताना पाहिला. गवत गेलं. विहिरी गेल्या. वडिलांनी हिवराचा आणि पिंपळाचा पाला छाटून एक बैल जगवला, दुसरा विकला. विकला म्हणजे बाजारात सोडून आले असंच म्हणायला पाहिजे. लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्ली. त्यानंतर ज्याच्या त्याच्या तोंडात एकच होतं, हिरवं काहीतरी पाहिजे, लवकर पाहिजे. भुकेल्या माणसाला कुणी विचारत नाही की भाकरी कुठल्या गावच्या पिठाची.

त्या काळात सुबाभूळ आली. झाड मूळचं मेक्सिकोकडचं. तिची एक बुटकी जात आपल्याकडं आधीपासून होती आणि जुने लोक तिला कुबाभूळ म्हणायचे. उरळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बायफ संस्थेनं उंच वाढणारी, भरपूर पाला देणारी जात आणली, वाढवली, शेतकऱ्यांना दिली आणि कुबाभळीची सुबाभूळ झाली. मणिभाई मोठा माणूस. गांधीजींच्या शब्दावर उरळीत राहिले आणि दुभत्या जनावरांसाठी आयुष्य घातलं. गरीबाच्या गाईला, शेळीला चारा मिळावा हा हेतू. आणि चारा मिळालाही. शेळ्या तुटून पडायच्या. गाईला दुसऱ्या वैरणीत मिसळून घातली तर दुधाला बरी. नुसती घालायची नाही, एवढं सांगणारे सांगायचे. घोड्याला घातली तर आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात.

पुढं १९८२ च्या सुमाराला सामाजिक वनीकरण खातं सुरू झालं. रोपं फुकट मिळू लागली. शाळेतून मिळायची, पंचायतीतून मिळायची, पिशवीतली रोपं डोक्यावर घेऊन बाया बांधाला लावायच्या.

याच सुमाराला आपल्या नाशिक जिल्ह्यात निलगिरीचं वारं होतं. निफाडजवळच्या कुंदेवाडीचे विनायकदादा पाटील तिचे मोठे पुरस्कर्ते. त्यांनी निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांना एकत्र केलं, सहकारी संस्था काढली, शेतात झाडाचं पीक घेता येतं हे दाखवलं. लोक त्यांना वनाधिपती म्हणायचे. मीही अर्धा एकर निलगिरी लावली होती. सहा वर्षांनी बल्ल्या विकल्या, त्यातून विहिरीचं काम झालं. पुढं बाजारात माल जास्त झाला, भाव उतरले, तेव्हा बुडखे काढून द्राक्षं लावली. निलगिरीला लोकांनी फार शिव्या दिल्या. पाणी पिते, जमीन खाते, तिच्याखाली काही येत नाही. त्यातलं काही खरं असेल. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे, ती लिहून ठेवतो. माझ्या त्या अर्ध्या एकरातून निलगिरीचं एकही रोप बांधापलीकडं गेलं नाही. जिथं लावली तिथं राहिली, काढली तेव्हा गेली. आणि जिला सु म्हटलं ती मात्र सगळ्या शिवारभर झाली.

याचं कारण मी बरीच वर्षं शोधत होतो. सुबाभळीच्या अंगात काहीतरी खोट आहे, असं म्हणून मोकळं होता येतं. पण पहिली पंधरा वर्षं ती कुठंच गेली नव्हती. माझ्या शेजारी बापूचं रान आहे. बापूच्या बांधावर सुबाभळीची रांग पहिल्यापासून. तेव्हा त्याच्या घरी दोन बैल, एक गाय, सहा शेळ्या. बापूची आई रोज सकाळी विळा घेऊन जायची आणि गुडघ्याएवढं ठेवून बाकी पाला कापून आणायची. त्या सुबाभळीला फूलच येऊ दिलं नाही त्या माउलीनं, शेंग कुठून येणार? मग द्राक्षं आली. ट्रॅक्टर आला, बैल गेले. औषधाच्या फवारणीमुळं बागेच्या बाजूला शेळ्या बांधायची भीती. शेळ्या गेल्या. म्हातारी गेली. विळा भिंतीला लागला. दोन-तीन वर्षांत सुबाभूळ घराएवढी झाली आणि तिला शेंगा लागल्या. झाड तेच होतं. त्याच्यावरचा हात उठला होता.

माझ्या बागेत ठिबकच्या नळीला जिथं जिथं ओल, तिथं तिथं सुबाभळीची रोपं. निंदणीच्या बाया म्हणायच्या, "नाना, ही काय तुम्ही पेरली का?" दोन वर्षं मी गप उपटून टाकली. तिसऱ्या वर्षी बापूला म्हणलं, "बापू, तुझी झाडं माझ्या रानात आलीत."

बापू हसला. "माझी कशी? जी तुझ्या रानात उगवली ती तुझी. आन् वाऱ्याला काय मी सांगू का, तिकडं जाऊ नको म्हणून?"

"वाऱ्याला नको सांगू. शेंगा यायच्या आधी छाट."

"छाटून घालू कुणाला? गुरं हायेत का?"

त्याचं म्हणणं एका परीनं खरं होतं. झाड त्यानं लावलंच नव्हतं, त्याच्या आईनं लावलं होतं आणि चांगल्या कारणासाठी लावलं होतं. ती होती तोवर तिनं सांभाळलंही. मग दोष कुणाचा? लावणाऱ्याचा नाही. वाऱ्याचा नाही. बियाचा तर नाहीच, उगवणं हा त्याचा धर्म. राहता राहिला बापू, ज्यानं काहीच केलं नाही. आणि माझं मत असं झालं आहे की इथं काहीच न करणं हेच मोजायला पाहिजे. कोंडवाड्याच्या कायद्यातही बैल पिकात घातला म्हणून दंड नव्हता. बैल बांधला नाही, म्हणून होता.

आता बापूचं एक शेत आणि माझं एक शेत, हा दोघांचा प्रश्न आहे, चहा पिऊन मिटण्यासारखा. पण गायरानाचं काय? तिथं लावणारा कोण आणि सांभाळणारा कोण?

आमच्या गायरानावर दोनदा लागवड झाली. पहिली सुबाभळीची. दुसरी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, बाहेरच्या एका संस्थेनं केली, तिचं नाव मी इथं घेत नाही. त्यांनी मुख्यतः गिरिपुष्प लावलं. गिरिपुष्पाला आमच्याकडं उंदीरमारी म्हणतात. हेही मध्य अमेरिकेतलं. फांदी खोचली तरी जगतं. माघ-फाल्गुनात पानं झडून गुलाबी फुलं येतात तेव्हा डोंगर सुंदर दिसतो, नाही म्हणणार नाही. नाशिकला पांडवलेण्याच्या डोंगरावर तुम्ही ते पाहिलं असेल. शेताच्या बांधाला लावून पाला रानात गाडला तर उत्तम खत होतं, नत्र मिळतं. शेतकऱ्यानं कापत राहिला तर ते गुणाचं झाड आहे. पण डोंगरावर कापणार कोण? गुरं सहसा तोंड लावत नाहीत. तिथं त्याची सावली दाट होते, खालचं गवत जातं, शेंगा तडकून बी लांब उडतं. पक्षी त्याच्यावर बसत नाहीत असं लोक बोलतात. मी साळुंक्या बसलेल्या पाहिल्या आहेत, उगाच खोटं कशाला बोलायचं. पण लाव्हरी आता दिसत नाही, ती गवताची होती.

हीच झाडं का लावतात, असं मी त्या संस्थेच्या एका पोराला विचारलं होतं. पोरगा सरळ होता. म्हणाला, "काका, तीन वर्षांनी येऊन मोजतात, किती जगली. मोह लावला, बेहडा लावला तर शंभरातले वीस दाखवता येत नाहीत. हे नव्वद जगतं. पाणी नको, कुंपण नको, शेळी खात नाही."

मला त्या दिवशी कळलं की गणित कुठं चुकतं. राखणीशिवाय जगतं, म्हणून जे झाड निवडलं, ते राखणीशिवायच पसरणार. जो गुण मोजणीच्या दिवशी कामाला येतो, तोच पुढं हद्द ओलांडतो. आणि मोजणी तीन वर्षांनी संपते. झाडाचं पसरणं सातव्या-आठव्या वर्षी सुरू होतं, तेव्हा मोजायला कुणी येत नाही. आपल्या राज्यात २०१६ ला २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी, आणि २०१९ ला ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. आकडा वाईट नाही. पण झाड किती जगली हे विचारताना, शेजारचं काय जगलं आणि काय मेलं हे विचारणारा रकाना कागदावर नसतो. गायरानावर गवताच्या किती जाती होत्या, हे कुणी आधी लिहून घेतलं नव्हतं, म्हणून त्या गेल्या तेव्हा तोटाही दिसला नाही.

शिवाय लागवड वाचवायला चराईबंदी केली. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारच्या गोष्टी ऐकून आम्हीही ठराव केला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. त्या गावांना गुण आला, कारण तिथं मागं माणसं उभी होती, गवत कापून आणायची शिस्त होती. आमच्याकडं बंदी तेवढी झाली. जी शेळी सुबाभळीचं कोवळं रोप खाऊन टाकायची, तिलाच आम्ही बाहेर काढलं. वस्तीवर एक मावशी आहे, आदिवासी, नवरा लवकर गेला, शेळ्यांवर दोन पोरं वाढवली. तिला दंड झाला होता. पावती फाडताना ती म्हणाली होती, "शेळी काय वाचून खाती का नाना? झाडाला तुम्ही मोकळं सोडलं, माझी शेळी बांधली." मला त्यावर काही बोलता आलं नव्हतं.

इथं एक दुसरा विषय येतो, तो टाळून चालणार नाही. हल्ली गावातली शिकलेली पोरं देशी-विदेशी झाडांवर फार तावातावानं बोलतात. परदेशी झाड दिसलं की उपटा. माझा पुतण्या त्यातला. त्याचं काम चांगलं आहे, नाशिकला सातपूरजवळ फाशीच्या डोंगरावर आपलं पर्यावरण संस्थेनं लोकांच्या हातून देशी झाडांची देवराई केली, तिथं तो पहिल्यापासून जातो. २०१५ साली ती सुरू झाली आणि अजून माणसं तिथं पाणी घालायला, आळी करायला जातात. ते पाहून मला आनंदच होतो. पण परका म्हणून वाईट, हे मला गिळत नाही.

माझ्या स्वतःच्या शेतात देशी आहे काय? टोमॅटो अमेरिकेतला. मका तिथलाच. मिरची, बटाटा, भुईमूग, सगळे समुद्र ओलांडून आलेले. द्राक्षाची थॉमसन मूळची इराण-तुर्कस्तानाकडची, नाव पडलं कॅलिफोर्नियातल्या माणसाचं आणि ती उभी आहे अमेरिकेतल्या डॉगरिजच्या मुळावर. या परक्या वेलीनं माझ्या पोरींची लग्नं केली. पण ही वेल बघा, एप्रिलची खरड छाटणी चुकली की रुसते, ऑक्टोबरची चुकली की फळ नाही. दहा दिवस हात काढून घेतला तर मान टाकते. ती बांध ओलांडून कुठं जाणार? आणि सीताफळ घ्या. तेही अमेरिकेतलं, तेही आपसूक डोंगरभर पसरलेलं, शेळीही त्याला तोंड लावत नाही. त्याच्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही, कारण बाया पाट्या भरून रस्त्याला विकतात. तेव्हा पसरणं हासुद्धा सरसकट गुन्हा म्हणता येत नाही. पसरताना दुसऱ्याला जागा ठेवली का, आणि जे आलं त्यावर गरीबाचा हात पोचतो का, एवढं मी बघतो.

आणखी एक. आपली बाभूळ. काटेरी, पिवळ्या फुलांची, जिचा कुळव झाला, जिच्या काडीनं आजोबांनी दात घासले. ही बाभूळ ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड म्हणून प्रांत आहे तिथं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नेली. मेंढरांना सावली आणि शेंगा मिळाव्यात म्हणून. हेतू अगदी मणिभाईंसारखाच. तिथं तिनं गवताळ माळ गिळले. ६० लाख हेक्टरांहून जास्त रानात ती पसरली आहे, गुरं शेंगा खातात आणि शेणातून बी पुढं नेतात. तिथले मेंढपाळ तिला बुलडोझर लावतात, औषधं मारतात. त्यांची निलगिरी आपल्याकडं आली आणि आपली बाभूळ त्यांच्याकडं गेली, असा हा सौदा. इथं बाभूळ माजत नाही, कारण तिला खाणारा भुंगा आहे, शेळी आहे, सरपणवाली आहे, औताचं लाकूड हुडकणारा सुतार होता. तिथं हे कुणी नव्हतं. बाभूळ तिथं जाऊन दुष्ट झाली का?

पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग नाना, उपटायचं का नाही?" उपटायचं. पण तोंड सांभाळून. आमच्या द्राक्षात पेठ-सुरगाण्याची माणसं कामाला येतात, आता बिहारकडची पोरं येतात. झाडाबद्दल जे शब्द आपण वापरतो ते माणसाला चिकटवायला वेळ लागत नाही. बाहेरचे, माजलेले, हाकला. मी पारावर हे शब्द झाडावरून माणसावर सरकताना एकदा ऐकले आहेत, तेव्हापासून मी परदेशी झाड असं म्हणत नाही. मोकाट झाड म्हणतो. मोकाट हा कोंडवाड्यातला शब्द आहे, त्यात जनावराचा बाप काढलेला नसतो.

मोकाट म्हटलं की मालक हुडकावा लागतो. गायरानाचा मालक कोण? सरकार म्हणतं पंचायत, पंचायत म्हणते सरकार. लावणाऱ्या संस्थेची पाटी अजून आहे, गंजली आहे, नाव वाचता येत नाही. वरच्या हद्दीतलं झाड वनखात्याचं, त्याला आपल्याला हात लावता येत नाही, आणि बी तिथूनही खाली येतं. दक्षिण आफ्रिकेत असंच झालं होतं. लाकडासाठी आणि कातडं कमावायच्या सालीसाठी पाईन, निलगिरी, वॅटल लावली, ती डोंगरांवर आणि ओढ्यांत पसरली, ओढे आटायला लागले. तिथल्या सरकारनं १९९५ साली योजना काढली, गरीब माणसांना मजुरी देऊन ही झाडं काढायची, म्हणजे पाणी वाचेल. लावायची मजुरी जगात सगळीकडं देतात. काढायची मजुरी देणारं सरकार मला तरी नवलाचं वाटलं.

हे मी ग्रामसभेत सांगितलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ग्रामसेवक म्हणाले, "रोजगार हमीत खड्डे खणायचं काम बसतं. उपटायचं कुठं बसवायचं ते बघावं लागेल." अजून बघताहेत. काही जण म्हणाले, हिरवं आहे ते राहू द्या, उन्हाळ्यात तेवढीच सावली. एकजण म्हणाला, झाड तोडणं पाप आहे. तो माणूस मला आवडतो, म्हणून मी त्याला हळूच विचारलं, "गवत मारणं?" तो म्हणाला, "गवत काय, पुन्हा येतं." सगळ्यांना असंच वाटतं.

शेवटी ठराव असा झाला की ओघळीपासून म्हसोबापर्यंतचा तुकडा, साधारण आठ एकर, मोकळा करायचा. पहिल्या दोन पावसांनंतर जमीन मऊ असते तेव्हा लहान रोपं हातानं उपटायची. मोठ्यांचे बुडखे खणून काढायचे, नुसते तोडायचे नाहीत. लाकूड ज्यानं काढलं त्यानं सरपणाला न्यावं. हिवर, पळस, बोरी, आपटा दिसला तर सोडायचा. सीताफळ सोडायचं. आणि त्या आठ एकरांपुरती चराईबंदी उठवायची. यावर फार भांडण झालं. मावशीच्या शेळ्यांना आधी परवानगी द्यावी असं मी म्हणलं, तर लोक म्हणाले, नाना तिच्या बाजूनं बोलतात. बोलतोच.

पहिल्या वर्षी गवत आलं नाही. तरोटा आला, गाजरगवत आलं आणि सुबाभळीची नवी रोपं आली, उपटली त्याच्या तिप्पट. पोरांची तोंडं उतरली. जमिनीत किती बी आहे कुणास ठाऊक, म्हणून पुतण्यानं वहीत लिहायला घेतलं, हातभर चौकोनात किती रोपं उपटली. शेळ्यांनी त्यातली बरीच खाल्ली, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या वर्षी ओघळीच्या अंगाला, जिथं शेळ्या जास्त बसायच्या, तिथं मारवेलीचे दहा-बारा थोंब दिसले. ठेलाऱ्यांतले एक मामा दिवाळीनंतर येतात, त्यांनी ते बघितले, वाकून एक काडी तोडली, चावली. म्हणाले, "हीच. पण अजून दोन-तीन पावसाळे मेंढरं घालू नका हिच्यावर, बी पडू द्या." ज्यांच्यासाठी मी भांडलो त्यांनीच बंदी सांगितली.

बापूशी बोलणं चालू आहे. त्याच्या सुनेनं यंदा दोन शेळ्या घेतल्या आहेत. रांगेतली पाच झाडं मुळासकट काढू, दोन ठेवू, पण ती दोन गुडघ्याएवढी राखायची, असं ठरत आलं आहे. मजुरीवर अडलं आहे. मी म्हणतो निम्मी माझी. तो म्हणतो, झाड माझं, तू कशाला देतो? शेंगा वाळायच्या आत यातलं एक कोणीतरी मान्य करायला पाहिजे.